हाडाची साक्ष

तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होते, आणि त्या तीस वर्षांत गाडी चालू असताना सलग दहा मिनिटं बसले असेन तर शपथ. रिटायर झाल्यावर म्हटलं, आता बसायचं. पहिल्यांदाच कुणाच्या तरी मोटारीत पुढच्या सीटवर ऐटीत बसले आणि खुबा मोडून घेतला. आमचं नशीबच असं, सुख मानवत नाही.

मी वैजयंता ढवळे, राहणार मिरज. आमची कंडक्टरांची शेवटची बॅच. आमच्यानंतर तिकिटाचं काम दारातल्या यंत्रानं घेतलं. ज्यांच्या मोटारीत मी बसले ते भूपाल चौगुले, आमचे ड्रायव्हर. मिरज-जत रूटवर आमची जोडी अकरा वर्षं होती. गप्पा अशा फार झाल्या नाहीत. ते रस्त्याकडे बघायचे, मी माणसांकडे. पण त्यांच्या गाडीत तिकिटं फाडताना मी कधी आधाराला दांडी धरली नाही, एवढं सांगितलं तरी जाणकाराला कळेल. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नव्हता. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते रिटायर झाल्यावरही शर्टाला लावायचे, आणि मी त्यावरून त्यांना चिडवायचे.

आता माणसाला गाडी चालवायचं लायसन सहजासहजी मिळत नाही. बहुतेक मोटारी आपल्या आपण चालतात. ज्यांच्याकडे जुनं लायसन आहे त्यांना जोडचालनाची गाडी घेता येते. म्हणजे स्टिअरिंग माणसाकडे आणि धोका दिसला की ब्रेक दाबणार यंत्र. आमच्या अख्ख्या तालुक्यात अशी अकरा लायसनं उरलीत, आणि एकदा गेलं की नवीन मिळत नाही. चौगुल्यांचा सगळा जीव त्या लायसनमध्ये. सकाळी गावातल्या दोन म्हाताऱ्यांना डायलिसिसला मिरजेला सोडायचं आणि दुपारी परत आणायचं, यात त्यांचा दिवस मजेत जायचा.

मार्च महिना होता, सकाळचे अकरा. आमच्या डेपोतल्या एका मेकॅनिकच्या मुलीचं लग्न होतं जतला. कवठेमहांकाळच्या पुढे बेदाण्याच्या शेड लागतात. मी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढायला खाली वाकले. त्यानंतर मला आठवतं ते थेट दवाखान्याचं छत. झालं होतं असं, की वावटळीनं एका शेडवरची हिरवी जाळी उपटून रस्त्यावर आणून टाकली. ती आमच्या पुढच्या चाकात गुंतली, गाडी डावीकडे ओढली गेली आणि लिंबाच्या झाडावर आदळली. माझ्या डाव्या खुब्याचा चुरा झाला. चौगुल्यांच्या डोक्याला मार लागला आणि शेवटच्या दहा मिनिटांची आठवण साफ पुसली गेली.

आणि मग त्या माणसानं जे केलं ते एसटीचाच माणूस करू जाणे. दुसऱ्या दिवशी, डोक्याला बारा टाके, तरी नर्सकडून कागद मागून घेतला आणि अपघाताचा रिपोर्ट लिहिला. कुणी मागितला नव्हता. पण आमच्यात पद्धत अशी, की गाडीला ओरखडा आला तरी ड्रायव्हरनं आधी स्वतःच्या हातानं रिपोर्ट लिहायचा. त्यात शेवटचा रकाना असतो कारणाचा, आणि तो रिकामा ठेवायचा नसतो. यांना आठवत तर काही नव्हतं. यांनी विचार केला, जाग्या ड्रायव्हरच्या हातून गाडी झाडावर जाईलच कशी? आणि लिहून टाकलं: "चालकास डुलकी लागली असावी. चूक सर्वस्वी चालकाची." खाली सही, तारीख, वेळ. कागद गेला विमा कंपनीला. चूक कबूल केली की बाईंना भरपाई लवकर मिळेल, असा त्यांचा भाबडा हिशेब.

माझं प्रकरण मृण्मयी कोठावळे नावाच्या वकील मुलीकडे होतं. मुलगी हुशार, पण तो कागद वाचून तिनं कपाळाला हात लावला. तिनं मला नीट समजावून सांगितलं. जखमी प्रवाशाला हल्ली तीन वाटा असतात. पहिली तत्काळ मदत: चूक कुणाची ते कुणी विचारत नाही, महिन्याभरात ठरलेली रक्कम मिळते, पण ती प्लास्टर आणि कुबड्यांपुरती. दुसरी, चालकाची चूक सिद्ध करायची. मग त्याची विमा कंपनी सगळं भरते, ऑपरेशनसकट. मात्र चालकाचं लायसन कायमचं जातं आणि चूक-नोंदीत नाव लागतं, जे कुणालाही बघता येतं. तिसरी, यंत्राची चूक सिद्ध करायची. मग गाडी बनवणारी कंपनी भरते. मी विचारलं, आणि वावटळ? ती म्हणाली, मावशी, वावटळीवर दावा लावता येत नाही.

आता यातली गोम अशी, की चालक झोपलेला असेल तर पॉलिसीच रद्द होते. जोडचालनाच्या प्रत्येक पॉलिसीत तसं कलम असतं. म्हणजे चौगुल्यांनी स्वतःच्या हातानं दुसरी वाट बंद करून टाकली होती. यंत्राच्या पेटीतली नोंद सांगत होती की ब्रेक नियमात बसेल इतक्या वेळात लागला, म्हणून तिसरीही बंद. उरली कुबड्यांची वाट. माझा खुबा नुसता बांधून चालणारा नव्हता. माझ्याच पेशींपासून नवा सांधा वाढवून बसवायचा, तर मी पुन्हा चालणार. तो खर्च माझ्या पेन्शनच्या आवाक्याबाहेरचा. नाहीतर जन्मभर खुर्ची. आणि मला बसवत नाही हो. मला बसवून ठेवलं तर मी वर्षात मरेन, हे मला पक्कं माहीत होतं.

मी चौगुल्यांवर चिडले का? चिडले. खोटं कशाला बोलू. अकरा वर्षं ज्याच्या पाठीमागे डोळे झाकून उभी राहिले तो माणूस झोपला? आणि वर ते लिहूनही दिलं? मी त्यांचा फोन उचलला नाही.

मग मृण्मयीनं एक दिवस येऊन विचारलं, मावशी, तुम्ही अजून हाड भरायचं इंजेक्शन घेतलेलं नाही ना? मी म्हटलं, सूज उतरायची वाट बघत होते, उद्या देणार आहेत. ती म्हणाली, थांबवा. माणूस जागा होता की झोपला होता ते सांगणारा एक साक्षीदार अजून शिल्लक आहे. मला वाटलं शेडवरचा कुणी मजूर सापडला. ती म्हणाली, साक्षीदार म्हणजे तुमची हाडं.

मिरजेतच एका जुन्या दवाखान्याच्या मागे डॉ. साकिब मुजावरांची प्रयोगशाळा आहे. तिथं मला स्ट्रेचरवरून नेलं. इंजेक्शन न घेतल्यामुळे पायाला वजन बांधून ठेवलेलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मी मनात म्हणत होते, वैजयंते, लोकांचं ऐकून तू कशाकशात पडतेस.

मुजावर डॉक्टर पन्नाशीचे, मऊ बोलणारे. त्यांनी आधी मला सगळं समजावलं, मगच यंत्राला हात लावला. हाड म्हणजे मेलेला दगड नव्हे, असं ते म्हणाले. हाडाच्या आत लाखो पेशी बारीक बारीक कोनाड्यांत बसलेल्या असतात आणि केसाहून बारीक वाटांनी एकमेकींचे हात धरून असतात. हाडावर जोर पडला की तिथं अगदी बारीक वीज तयार होते. हे फार वर्षांपासून माहीत आहे. नवीन कळलं ते असं, की अचानक जोर पडला की त्या जागेच्या पेशी दचकतात, शेजारणीला सांगतात, ती पुढचीला, आणि ही दचक वर्तुळासारखी पसरत जाते. जिथून ती जाते तिथं एका प्रथिनाचा पुसटसा माग राहतो. विहिरीत खडा टाकला की तरंग उठतो तसं. दुसरा खडा पडला की दुसरा तरंग पहिल्याला कापतो. पहिला तरंग किती दूर गेला असताना दुसऱ्यानं त्याला कापलं ते मोजलं, की दोन खड्यांमध्ये किती वेळ गेला ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सांगता येतं. हा माग सहा आठवडे टिकतो. भरायचं इंजेक्शन दिलं की ते अंगातल्या सगळ्या हाडांत जातं आणि एका दिवसात पाटी कोरी होते.

यंत्र माझ्यावरून चार तास फिरत होतं. मग त्यांनी माझ्यासमोर हवेत माझाच सांगाडा उभा केला, दुधी उजेडाचा. अगं बाई, काय सांगू. आपण आपला चेहरा आरशात बघतो, पण हे काही वेगळंच. डॉक्टरांनी आधी माझ्या टाचा दाखवल्या. हाडाच्या आतल्या रेघा सगळ्या एका अंगाला दाट झाल्या होत्या. तुम्ही हलत्या जमिनीवर उभ्या राहून काम केलंय का, असं त्यांनी विचारलं. माझी नोकरी त्यांना कुणी सांगितली नव्हती. माझ्या पायांनी जतचा घाट, ढालगावची वळणं, सगळं लिहून ठेवलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. साठ वर्षं मी ज्यांच्या जिवावर हिंडले ती हाडं मला कधी काही बोलली नव्हती, आणि आता एवढं सगळं सांगत होती.

मग त्यांनी छातीचं हाड, बरगड्या आणि गळ्याची हाडं मोठी करून दाखवली. तीन तरंग होते. तिसरा सगळ्यात मोठा, तो झाडाचा. दुसरा पट्ट्याच्या जागी, तो यंत्रानं दाबलेल्या ब्रेकचा. पण त्या दोघांच्या खाली, दोघांनी कापलेला, एक पहिला तरंग होता. तो फार दूरवर पसरला होता. डॉक्टरांनी मोजून सांगितलं, आदळण्याआधी एक सेकंद आणि एक दशांश. यंत्राच्या ब्रेकच्याही सहा दशांश आधी. आणि हा तरंग एका ठिकाणाहून उठला नव्हता. माझ्या उजव्या गळ्याच्या हाडावर एक लांब आडवा दाब होता आणि डाव्या खांद्याशी पाच ठिपके.

मी बघत राहिले. पाच ठिपक्यांतला एक बाकीच्यांपेक्षा बराच आत होता, मधला. मुजावर डॉक्टर म्हणाले, याचा अर्थ मला लागत नाही. मला लागला. चौगुल्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे. एकोणतीस सालात डेपोत रेडिएटरच्या पंख्यात गेलं ते.

तो हात होता. मी पिशवीत वाकलेली, डोकं डॅशबोर्डखाली. आणि यंत्राला जाळी दिसायच्या आधी या माणसाला ती दिसली, त्यानं डावा हात आडवा घातला, मला छातीला धरून मागे दाबलं आणि सीटला टेकवून ठेवलं. डॉक्टरांनी हिशेब करून सांगितलं की मी वाकलेलीच राहिले असते तर समोरची हवेची पिशवी मानेवर फुटली असती, आणि मग आज हे बघायला मी नसते. तो हात मला आठवत नव्हता. ज्यानं घातला त्यालाही आठवत नव्हता. सगळ्या जगात त्या हाताची एकच नोंद होती, ती माझ्या हाडात होती, आणि मी ती पाच आठवडे अंगात घेऊन त्या माणसावर चिडून बसले होते. मी त्या प्रयोगशाळेत ढसाढसा रडले. मुजावर डॉक्टर तोंड फिरवून यंत्राची बटणं पुसत राहिले.

बाहेर आल्यावर, बरोबर आलेल्या मृण्मयीनं मला खरं काय ते सांगितलं. चौगुले जागे होते हे सिद्ध झालं, म्हणजे पॉलिसी जिवंत झाली. पण जाळी चाकात गुंतली त्या क्षणी स्टिअरिंगवर एकच हात होता. तिच्या तज्ज्ञांनी पेटीतल्या नोंदीवरून आधीच गणित मांडून बघितलं होतं: दोन्ही हात असते तर गाडी रस्त्यावरच राहिली असती. नियम सांगतो, संकटाच्या वेळी दोन्ही हात स्टिअरिंगवर. तेव्हा ही चालकाची चूक, लख्ख. दावा लावला तर मला नवा खुबा मिळणार, चौगुल्यांचं लायसन जाणार आणि नाव चूक-नोंदीत लागणार. ती म्हणाली, हाड तुमचं आहे, त्यामुळे त्यावरचा लेखही तुमचा. द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं, आणि आठवडा उरलाय. माग पुसायच्या आत विमा कंपनीच्या डॉक्टरनंही तो तपासला, तरच कोर्ट धरतं.

आठवडा कशाला पाहिजे होता? मी तिथल्या तिथं ठरवलं. ज्या हातानं मला जिवंत ठेवलं त्या हाताला कोर्टात उभं करून त्याच्या बदल्यात मी पाय घेणार? थू असल्या चालण्यावर. उद्या इंजेक्शन घ्यायचं, पाटी कोरी करायची, खुर्ची तर खुर्ची. फक्त त्या आधी एकदा चौगुल्यांना भेटून सांगायचं, की तुम्ही झोपला नव्हता. बाकीचं काही सांगायचं नाही. मला वाटलं, केवढी शहाणी मी.

रुग्णवाहिकेनं मला कसबे डिग्रजला त्यांच्या दारात नेलं. त्यांच्या मिसेस, सुवर्णाताई, बाहेर आल्या आणि स्ट्रेचरशी वाकून मला म्हणाल्या की हे पाच आठवडे झोपलेले नाहीत. डोळा लागायला लागला की दचकून उठतात आणि उभे राहतात. डॉक्टरच्या गोळ्या गटारात टाकतात. म्हणतात, झोपेनं माझं वाटोळं केलं, आता मला झोप नको. मला उचलून आत नेलं तर चौगुले भिंतीला पाठ लावून बसले होते. निम्मे झाले होते. शर्टावर बिल्ला नव्हता.

मुजावरांनी दिलेला खऱ्या मापाचा छाप मी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कुठली रेघ काय ते सांगितलं. त्यांनी रेघ न् रेघ बघितली. मग डावा हात उचलून त्या पाच ठिपक्यांवर ठेवला. नेमका बसला, अर्ध्या बोटासकट.

"झोपलो न्हवतो," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

मग त्यांनी हात काढला, पुन्हा कागद बघितला, आणि मला जे सांगायचं नव्हतं ते त्यांनी आपल्या आपण वाचलं. ड्रायव्हर तो ड्रायव्हरच. त्यांनी विचारलं, म्हणजे स्टिअरिंगवर हात एकच होता? मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी विचारलं, दुसरा असता तर गाडी धरली असती का? मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. ते म्हणाले, मला कळतंय. धरली असती.

"बाई, हे कोर्टात द्यायचं," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही. लायसन जाईल, नाव नोंदीत लागेल, त्या डायलिसिसच्या म्हाताऱ्यांना कोण नेणार, एकतीस वर्षं मातीत जातील. मी आवाज चढवला. मला खुर्चीची काही लाज नाही, असंही बोलले, ते खोटं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिथं फायलीत माझ्या हातचा रिपोर्ट हाय," ते म्हणाले. "चालकास डुलकी लागली असावी. मी मेलो तरी तो ऱ्हाणार. ती चूक मी केलेली न्हाई, आणि ही मी केलीय. माझ्या नावावर माझीच चूक पायजे, बाई. दुसरी कशाला?"

सुवर्णाताई दारातून म्हणाल्या, द्या हो ताई, यांना झोप तरी लागू दे. मी मृण्मयीला तिथूनच फोन केला.

न्यायाधिकरणाची सुनावणी दीड महिन्यानं झाली, सांगलीत, सकाळीच. माझं हाड तोवर भरून पाटी कोरी झाली होती. मुजावर डॉक्टरांची नोंद तेवढी मागे राहिली होती. त्यांनी भर खोलीत ती हवेत उभी केली. माझी छाती, माझे खांदे, सगळ्यांच्या समोर. एरवी मी लाजेनं मेले असते, पण तिथं कुणी माझ्याकडे बघतच नव्हतं. पहिला तरंग उठला, पसरला आणि त्यात तो हात दिसला. विमा कंपनीचा वकील उभा होता, तो हळूच खाली बसला.

अध्यक्ष एक पोक्त बाई होत्या. त्यांनी चौगुल्यांना विचारलं की चूक मान्य आहे का. चौगुले उभे राहिले. शर्ट इस्त्रीचा होता, चेहऱ्यावर झोप झालेल्या माणसाचा तजेला होता.

"मान्य हाय," ते म्हणाले. "मॅडम, मला त्यातलं काही आठवत न्हाई, म्हणून मी ठरवून केलं असं म्हणता येत न्हाई. पण उद्या गाडी परत माझ्या हातात दिली आणि बाई तिथंच वाकलेल्या असल्या, तर हात परत तिकडंच जाणार. कितीबी नियम पाठ करून घेतले तरी जाणार. तेव्हा हे लायसन तुम्ही काढूनच घ्या."

आणि त्यांनी खिशातून लायसन काढून टेबलावर ठेवलं. मला त्या वेळी नव्या खुब्याचं काही वाटलं नाही. माणूस म्हणून जन्माला आल्याचा एवढा अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता, एवढंच मला सांगता येईल.

अध्यक्षबाईंनी ते कार्ड उचलून बघितलं. मग त्यांनी क्लार्कला चूक-नोंद उघडायला सांगितली. क्लार्कनं विचारलं, कारणाच्या रकान्यात नेहमीप्रमाणे 'स्टिअरिंगवरचा हात काढला' एवढंच लिहू ना?

"नाही," त्या म्हणाल्या. "हात कुठे होता तेही लिहा."